केंद्रीय मंत्री युवा मंडळाच्या कार्यक्रमाला येतायत, मग मंडळ ‘त्यांचं’ होतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की खानापूर तालुक्यात तुमचं युवा मंडळ आहे, पंचवीस वर्षं झाली, रक्तदान, अभ्यासिका, दिवाळीतले किल्ले, उन्हाळ्यात पोरांचं शिबिर एवढं काम, आणि १२ जानेवारीला युवा दिनाला रौप्यमहोत्सव ठरवलाय. त्याच सुमारास एक केंद्रीय मंत्री बेळगावला यायचेत आणि एका स्थानिक पुढाऱ्याच्या ऑफिसातनं निरोप आलाय की साहेबांना अर्धा तास तुमच्याकडं आणतो, मांडव-स्पीकरचं आमच्याकडं सोडा. अर्धी पोरं म्हणतायत असली संधी परत येत नाही, अर्धी म्हणतायत मंडळाला पक्षाचा शिक्का बसणार. तुम्ही विचारताय, बोलवावं का नको.

बोलवावं का नको हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्नच नव्हे. खरी गोम त्या निरोपाच्या शेपटाला आहे, ‘मांडव-स्पीकरचं आमच्याकडं सोडा’. मांडव त्यांचा, स्पीकर त्यांचा, माइकवर बोलणारा त्यांचा, मग तुमच्याच रौप्यमहोत्सवात तुम्ही खुर्च्या मांडणारे. मंत्री कुठल्या पक्षाचे यानं जेवढा फरक पडतो त्याच्यापेक्षा जास्त फरक यानं पडतो, हे मी अठ्ठावीस वर्षं शिबिरं घेऊन, दोन-तीनदा तोंडावर आपटून शिकलोय.

आधी आपटलेलं सांगतो. साल सांगत नाही, माणसं ओळखू येतील. जांबोटीच्या बाजूला आमचं उन्हाळी शिबिर होतं, सहावी ते नववीची ऐंशी-नव्वद पोरं. दिल्लीत वजन असलेले एक नेते चोर्ला घाटातनं गोव्याला जाणार होते, कुणीतरी मध्यस्थी केली, आम्हीही हुरळलो. अकराला येतो म्हणाले, पावणेदोनला आले, तोवर पोरं लेझीम घेऊन उन्हात. गाड्या थांबल्या आणि नेते उतरायच्या आधी मागच्या गाडीतनं चार कार्यकर्ते पिशव्या घेऊन उतरले, पिशव्यांत पक्षाची उपरणी, आम्ही बघेपर्यंत पहिल्या दोन रांगांच्या गळ्यात. एक सहावीतला बारका होता, त्याचं उपरणं गुडघ्यापर्यंत लोंबत होतं, त्यानं त्यालाच घाम पुसला आणि हसला आणि नेमका तोच फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात, खाली ओळ ‘युवकांचा पक्षात प्रवेश’. मतदार व्हायला पोराला अजून सहा वर्षं होती की!

पेपरवाल्यांना मजकूर आमच्याकडनं गेलेला नव्हता, नेत्यांच्या ऑफिसातनं गेलेला. चार दिवसांनी एक आई आली, कॅरीबॅगमध्ये पोरीचा ट्रॅकसूट, धुऊन इस्त्री केलेला. ‘सर, जास्त वापरलेला नाही, दुसऱ्या कुणाला होईल बघा.’ भांडली नाही, आवाज चढवला नाही. तिच्या घरचे दुसऱ्या पक्षाचं काम करायचे, फोटो बघून घरात काय झालं असेल ते झालं असेल. ती पोर आमच्या कबड्डीच्या टीमची सगळ्यात चांगली रेडर होती. परत आली नाही. तिच्या गल्लीतल्या अजून तिघी पुढच्या वर्षी आल्या नाहीत. त्या नेत्यांना आज विचारलं तर शिबिर आठवणारही नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, गाव दिसलं की उपरणं घालायचं हा त्यांचा धंदाच आहे, चूक आमची, आम्ही काहीच आधी ठरवून, लिहून घेतलेलं नव्हतं.

हे आपल्या खेड्यातल्या मंडळांनाच होतं असं समजू नका. अमेरिकेतली स्काउटची संघटना शंभर वर्षांहून जुनी, तिथं रिवाजच आहे की देशाचा अध्यक्ष हा संघटनेचा मानद अध्यक्ष, कुठल्याही पक्षाचा असू दे, आणि मोठ्या मेळाव्याला म्हणजे जांबोरीला त्याला आमंत्रण जातंच. पहिली राष्ट्रीय जांबोरी १९३७ ला वॉशिंग्टनला झाली तेव्हा रूझवेल्ट आले होते, तेव्हापासूनची ही आमंत्रणाची पद्धत. रिवाज चांगला आहे, पदाला बोलवायचं, माणसाला नाही. पण २४ जुलै २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियाच्या जांबोरीत ट्रम्प आले आणि हजारो पोरांपुढं निवडणूक आपण कशी जिंकली, पत्रकार कसे खोटारडे, आधीचे अध्यक्ष कधी जांबोरीला आले का, असलं सगळं बोलले. पालकांचा भडका उडाला आणि तीन दिवसांनी संघटनेच्या मुख्य अधिकाऱ्यांना जाहीर माफी मागावी लागली. यात एक गोष्ट लोक विसरतात. संघटनेनं कार्यक्रमाआधीच सूचना काढली होती, प्रचारातल्या घोषणा देऊ नका म्हणून. म्हणजे तयारी होती. पण ती सूचना पोरांना होती, माइकवर येणाऱ्या पाहुण्याला काय बंधन होतं? आमच्या जांबोटीत तर पोरांनासुद्धा काही सांगितलेलं नव्हतं, पण भोक तेच.

म्हणून मी आता नियम करताना पाहुण्यापासनं सुरुवात करतो, पोरांपासनं नाही.

आता पदाचं. केंद्रीय मंत्री एकाच वेळी दोन टोप्या घालून फिरतो, सरकारची आणि पक्षाची, आणि गाडीतनं उतरताना कुठली घातलीय हे त्यालाही कधी कधी नक्की नसतं. २७ फेब्रुवारी २०२३ आठवा, पंतप्रधान बेळगावला आले, पीएम-किसानचा तेरावा हप्ता सोडला, रेल्वे स्टेशनचं उद्घाटन केलं आणि त्याच फेरीत रोड शोही झाला. डिसेंबर २०२४ मध्ये १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी आली तेव्हाही तसंच, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, म्हणजे शहराचाही मान आणि पक्षाचाही, त्यामुळं सरकारी सोहळा कुठं संपतो आणि पक्षाची बैठक कुठं सुरू होते हे रस्त्यावरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. मी कुणाला नावं ठेवत नाही. एवढंच की त्यांनी रेघ ओढली नाही तर तुम्हाला ओढावी लागणार.

रेघ कशी ओढायची? आमंत्रण तुमच्या लेटरहेडवर, मंत्रालयाच्या पत्त्यावर, पदाच्या नावानं. पुढाऱ्याच्या ऑफिसमार्फत नाही. त्यांच्या हातनं प्रत पाठवली तर चालेल, पण मूळ पत्र तुमचं आणि उत्तरही तुम्हाला यायला पाहिजे. दुसरं, त्याच दिवशी, त्याच मजकुराचं पत्र तुमच्या भागातल्या बाकी लोकप्रतिनिधींना, पक्ष न बघता. खानापूरचं एक गंमतशीर आहे, तालुका बेळगाव जिल्ह्यात पण लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात, त्यामुळं खासदार कारवारकडचे, आमदार इथले, आणि बऱ्याच मंडळांना खासदारांना पत्र द्यायचं सुचतच नाही. द्या. ते येणार नाहीत बहुतेक, पण फाइलला पोच राहते, आणि उद्या कुणी म्हणालं की तुम्ही एकाच पक्षाला बोलावलं तर तोंडानं भांडायची गरज पडत नाही, पोच दाखवायची.

पैशाचं एका वाक्यात सांगतो, कारण यात वादच नाही. मांडव, स्पीकर, जेवण, बस यातलं काही पुढाऱ्याच्या ऑफिसनं दिलं तर कार्यक्रम त्यांचा, तुम्ही काहीही म्हणा. रौप्यमहोत्सवाला मोठा मांडव परवडत नसेल तर शाळेच्या अंगणात करा, शामियाना नको, पंचवीस वर्षं तसंच केलंय की. मंडळाची सोसायटी म्हणून नोंदणी असेल तर घटनेतले उद्देश काढून वाचा, पैसा त्याच कामांना वापरायचा असतो, आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) वगैरे असेल तर सीएला एक फोन टाका. नोंदणी नसेल तर कागदाचा धोका कमी, बदनामीचा तेवढाच.

आता आपल्याकडचं खास दुखणं, ज्यावर बाहेरचा कुणी सल्ला देऊ शकत नाही. पुण्यात किंवा नाशकात तटस्थ म्हणजे पक्षापक्षात तटस्थ. बेळगाव, खानापूर, निपाणीत तेवढ्यानं भागत नाही. इथं फ्लेक्सवर कन्नड वर का मराठी वर, स्टेजवर लाल-पिवळा झेंडा का भगवा, पाहुण्याचं स्वागत कुठल्या भाषेत, यातनं तुमची बाजू ठरवली जाते, पाहुणा यायच्या आधीच. तारीखही बोलते. १ नोव्हेंबर एकाला राज्योत्सव आणि दुसऱ्याला काळा दिवस, १७ जानेवारी सीमालढ्याचा हुतात्मा दिन, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचा मेळावा. तुमची १२ जानेवारी चांगली तारीख आहे, विवेकानंद १८९२ ला बेळगावात राहून गेले होते त्याचा धागाही आहे, पण पुढं पाचच दिवसांवर १७ आहे, त्या आठवड्यात पोलिस जागे असतात, परवानगीचा अर्ज निदान महिनाभर आधी द्या. महाराष्ट्रातला मंत्री बोलवायचं कुणाच्या मनात असेल तर डिसेंबर २०२२ विसरू नका, दोन मंत्री येणार म्हणून नुसतं जाहीर झालं आणि जिल्हाधिकाऱ्यांची प्रवेशबंदी आली, दौरा राहिला. तुमच्या रौप्यमहोत्सवात पोरांना जमावबंदी बघायला मिळू नये.

आणि बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला. मार्च २०२३, विधानसभा तोंडावर, शिवाजी महाराजांच्या एकाच पुतळ्याचं अनावरण आठवड्याच्या आत दोनदा झालं, आधी तेव्हाच्या भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हातनं, मग काँग्रेसवाल्यांकडनं. महाराजांचा पुतळासुद्धा ज्यांच्या तावडीतनं सुटला नाही त्यांच्यापुढं तुमच्या मंडळाची काय कथा! किल्ले करणाऱ्या पोरांना मी हे उदाहरण नेहमी देतो, त्यांना लगेच कळतं.

इथं बरेच जण मला म्हणतात, सर, सीमाप्रश्न हे राजकारण नव्हे, ती आपली अस्मिता. होय, माझ्याही घरात तेच बोललं जातं, माझे वडील हिंडलग्याला हुतात्मा स्मारकाला दरवर्षी जायचे. पण समिती निवडणूक लढवते, उमेदवार उभे करते, मग ती भूमिका मतपेटीपर्यंत जाते की नाही? मंडळाला भूमिका असू नये असं मी म्हणत नाही. मराठी भाषेसाठी काम करणारं मंडळ असेल तर तसं घटनेत उघड लिहा आणि ताठ मानेनं करा. पक्षाचं दल असणंही पाप नव्हे, याच मुलखातल्या डॉ. हर्डीकरांनी १९२३ ला हिंदुस्तानी सेवा दल काढलं, १९३१ ला ते काँग्रेसचं अधिकृत दल झालं, सगळ्यांना माहीत होतं, कुणाची फसवणूक नव्हती. वाईट काय, तर वर्गणी गोळा करताना ‘आम्ही सगळ्यांचे’ म्हणायचं आणि स्टेजवर एकाचंच व्हायचं. तुमच्या शिबिरात कन्नड घरातली पोरं येतात का, उर्दू शाळेतली येतात का, यावर उत्तर बदलतं. येत असतील तर नियम त्यांच्या बाजूनं थोडा जास्त कडक करा, कारण मराठी पोराला तुमच्या मांडवात आधीच घरच्यासारखं वाटतं.

आमच्याकडं आम्ही असं ठरवलं की १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा, सीमावादावरचा महाजन आयोग, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा हे पोरांना दोन्ही बाजूंनी समजावून सांगायचं, पण पाहुण्याला त्यावर भाषण नाही, कुठल्याच बाजूच्या. झेंडा फक्त तिरंगा. निवेदन मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन पोरी आलटून पालटून. हे ठरवल्यावर माझ्याच गल्लीतल्या एका मित्रानं सहा महिने मला चहाला बोलावलं नाही. आता बोलावतो, पण अजून टोमणा मारतोच.

निवडणुकीचं वेगळं बघा. आचारसंहिता लागली तर मंत्र्यांना सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही, त्यामुळं ते ‘युवा कार्यक्रम’ शोधत असतात, म्हणजे तुमच्यासारखे. त्या काळात कार्यक्रम असेल तर माझा सल्ला सरळ आहे, नेता नकोच, कुणीच नको, तारीख पुढं ढकला. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी दुसऱ्या कुणी खर्च करणं हा गुन्हा आहे, हे मंडळाच्या खजिनदाराला माहीत नसतं. आणि पोरांबाबत निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना स्पष्ट बजावलंय, प्रचारात लहान मुलं कुठल्याच रूपात नकोत, घोषणा द्यायला नको, रॅलीत नको, कडेवर घेऊन मिरवायलासुद्धा नको. आमच्या उपरण्याच्या फोटोवेळी हे पत्र खिशात असतं तर बरं झालं असतं. निवडणूक नसतानाही मी त्याची प्रिंट पाहुण्याच्या माणसांना देतो, कायदा म्हणून नव्हे, निमित्त म्हणून. ‘आमची काही हरकत नाही हो, पण हे बघा आयोगाचं’ असं म्हटलं की कार्यकर्ता उपरण्याची पिशवी गाडीत ठेवतो. आपल्या तोंडानं नाही म्हणण्यापेक्षा कागदाच्या तोंडानं म्हटलेलं त्यालाही सोपं जातं.

आता माइक. सुरक्षेवाले स्टेज ताब्यात घेतात, कोण बसणार याची यादी आधी मागतात, हार-तुऱ्यावर बंधनं घालतात, त्यात वाद घालू नका. पण निवेदक तुमचा, हा आग्रह सोडू नका, ‘आमचा माणूस अँकरिंग करेल, त्याला सवय आहे’ म्हणतील, त्याच माणसाला घोषणा द्यायची सवय असते. दुसऱ्यांदा आमच्याकडं दिल्लीतले एक मोठे पदाधिकारी आले तेव्हा आम्ही पत्रात लिहिलं होतं, भाषण बारा मिनिटं, विषय खेळ आणि शिक्षण, नंतर पोरांचे पाच प्रश्न, उपरणं-पत्रकं-पक्षाच्या घोषणा नाहीत, पोरांचे फोटो आमच्या परवानगीशिवाय छापायचे नाहीत. मला वाटलं होतं रागावतील. त्यांच्या पीएचा फोन आला, म्हणाला, विषय दिलात ते बरं केलंत, भाषण लिहायला सोपं.

प्रश्नांचा भाग मात्र नुसता शोभेचा करू नका. आधी पोरांच्या चिठ्ठ्या तपासून गोड गोड प्रश्न ठेवतात काही जण, ते नको, फक्त पक्षाबद्दल आणि कुणाच्या नावानं प्रश्न नको एवढंच सांगा. त्या दिवशी आठवीतली एक मुलगी उठली, म्हणाली, सर, आमच्या गावाला सकाळची बस साडेसातला, शाळा दहाला, आणि संध्याकाळची गेली की चालत. दोन तास आम्ही स्टँडवर बसतो, तिथं दिवा नाही. पाहुणे जरा गप्प झाले, मग त्यांनी पेन मागितलं. त्यांच्याकडं नव्हतं, मुलीनंच कंपासमधलं दिलं. दिवा लागला का? चार महिन्यांनी लागला, त्यांच्यामुळं का ग्रामपंचायतीमुळं हे मला आजही सांगता येत नाही, आणि दोघांनीही श्रेय घेतलं. बस अजून साडेसातलाच आहे.

त्या दिवसाचा फोटो पेपरात आला तो त्या मुलीचा, पाठमोरा, माइक हातात. मजकूर आम्हीच कार्यक्रम संपायच्या आत पाठवला होता, मराठी आणि कन्नड दोन्ही पेपरांना, शीर्षकासकट. जांबोटीनंतर एवढी अक्कल आली होती. तुमच्यातला एक जण याच कामाला ठेवा, तो मांडवात दुसरं काही करणार नाही.

एक गोष्ट मी सांगू शकत नाही, तुमच्या पोरांत फूट किती खोल आहे ती. ‘शिक्का बसेल’ म्हणणारे नुसते काळजी करतायत का त्यांना दुसऱ्या पक्षाचं बोलावणं आलंय, हे तुम्हालाच कळणार. बैठक घ्या, पण ‘बोलवायचं का’ यावर मतदान घेऊ नका, त्यात हरलेली बाजू मंडळ सोडते. अटींचं पत्र समोर ठेवा आणि त्यावर चर्चा करा, अटी मान्य झाल्या तर येऊ देत, नाही झाल्या तर नको. असं केलं की नकार द्यायचा झाला तरी तो पोरांच्या एका गटानं दुसऱ्याला दिलेला राहत नाही, अटींनी पाहुण्याला दिलेला राहतो.

त्या पुढाऱ्याच्या ऑफिसला मात्र उत्तर लवकर द्या, लटकत ठेवलं की ते हो समजून फ्लेक्स छापतात, आणि छापलेला फ्लेक्स खाली उतरवायला लावणं आपल्या भागात किती महाग पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर बोलू नका, पत्र घेऊन दोघं जा, एक होय म्हणणाऱ्यातला आणि एक नको म्हणणाऱ्यातला. मांडव-स्पीकरबद्दल मनापासून आभार माना आणि सांगा की मांडव आम्ही गावातनंच सांगितलाय. आधी खरंच सांगून ठेवा म्हणजे झालं.